वटवाघूळ आणि सापळा : मित्रमंडळींसाठी घेतलेल्या एका प्रश्नपेटीचे परीक्षण

गेल्या दिवाळीत महाद्वार रोडवरील एका दुकानातून मी आमच्या रस्सा मंडळासाठी प्रश्नांच्या पत्त्यांची एक पेटी विकत घेतली, तिला आता आठ महिने होत आले. कोल्हापुरात रस्सा मंडळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही; बाहेरच्या वाचकांसाठी इतकेच लिहितो की ठरलेल्या वाराला ठरलेल्या मंडळींनी एकत्र जमून मटण शिजवायचे, तांबडा-पांढरा भुरकायचा आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत वाद घालायचा, यासाठी स्थापन झालेली ही संस्था असते. आमच्या मंडळात सात जण आहेत. त्यांत १९९० च्या दशकात एकाच महाविद्यालयातून बाहेर पडलेले पाच जण, त्यांपैकी एकाची पत्नी, जिला आम्ही सगळेच वहिनी म्हणतो, आणि राधानगरीकडचा एक पशुवैद्य येतो. जेवणानंतरचे वाद राजकारणावर घसरू लागल्यामुळे काहीतरी निरुपद्रवी विषय हवा, अशी वहिनींची सूचना होती. म्हणून ही पेटी घेतली. तिचे नाव येथे देत नाही. तीन रंगांचे पत्ते आणि झाकणावर चष्मा घातलेले घुबड एवढ्या खुणेवरून ती दुकानात ओळखता येईल.

पेटीत तीनशे पत्ते आहेत : निळे दूरचित्रवाणीचे, हिरवे प्राण्यांचे आणि तपकिरी पबमधल्या खेळांचे. सोबत वाळूचे छोटे घड्याळ, गुण मांडण्याची वही आणि नियमांचे घडीपत्रक मिळते. किंमत ९५० रुपये. मूळ पेटी इंग्रजी असून आपल्या हाती येते ते तिचे मराठी भाषांतर आहे, आणि निळ्या कॅटात चाळीस भारतीय प्रश्नांची भर घातलेली आहे. पेटी जाड पुठ्ठ्याची आणि टिकाऊ आहे. पत्ते मात्र इतके पातळ आहेत की दिव्यासमोर धरलेल्या पत्त्याच्या मागचे उत्तर समोरच्याला उलटे, पण स्वच्छ दिसते. पहिल्या दोन बैठकांत आमचा एक मित्र अकस्मात सर्वज्ञ का झाला होता, याचा उलगडा त्यानंतर झाला. पावसाळा सुरू झाल्यापासून पत्ते एकमेकांना चिकटू लागले आहेत. वाळूचे घड्याळ तीस सेकंदांचे म्हणून दिले आहे; आम्ही मोबाइलवर तपासले तेव्हा ते एकेचाळीस सेकंद चालले. नियमांच्या पत्रकाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

अशा पेटीचे मोल पत्त्यांच्या संख्येवर किंवा छपाईवर ठरत नाही, प्रश्न कसे आहेत यावर ठरते. ज्याचे उत्तर एक तर ठाऊक असते किंवा नसते, तो प्रश्न विचारून झाला की संपतो; ठाऊक असणारा गुण घेतो आणि बाकीचे पाणी प्यायला उठतात. ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नसताना हाताशी असलेल्या तुटपुंज्या माहितीवरून, तर्काने, थोड्या हुज्जतीने त्याच्या जवळ जाता येते, तो प्रश्न सगळ्यांना बसवून ठेवतो, आणि उत्तर उलटल्यावर हरलेल्यालाही 'अरे, हे आपल्याला सुचायला हवे होते' असे वाटते. या पेटीतील तिन्ही कॅटांकडे मी याच कसोटीने पाहिले. ज्या कॅटाकडून मला काहीच अपेक्षा नव्हती तोच सर्वांत सरस निघाला.

प्राण्यांच्या कॅटात मूळ प्रश्न उत्तम आहेत आणि भाषांतराने त्यांची दैना केली आहे. ऑक्टोपसला किती हृदये असतात, हा नेहमीचा प्रश्न येथेही आहे आणि तीन हे त्याचे उत्तर पुष्कळांना पाठ असते. परंतु पत्त्यावर त्याखाली दुसरा प्रश्न आहे : त्याचे रक्त निळे का? येथे आमच्याकडे वीस मिनिटे गेली. आपल्या रक्तात लोह असते म्हणून ते लाल, तर निळ्यासाठी कोणता धातू असेल, असा विचार करत वहिनी तांब्यापर्यंत आल्या, कारण घासायच्या राहून गेलेल्या तांब्याच्या भांड्यावर चढणारा निळसर हिरवा थर त्यांना आठवला. भांड्यावरचा थर आणि रक्तातील रंगद्रव्य यांची रसायने वेगळी आहेत, हे पशुवैद्यांनी लगेच बजावले. तरीही उत्तर तांबे हेच होते आणि गुण वहिनींना मिळाला. जिराफाच्या मानेत किती मणके असतात, या प्रश्नावर अंदाज पंचवीसपर्यंत गेले. उत्तर सात. माणसाच्या मानेत असतात तितकेच. फक्त जिराफाचा एकेक मणका हातभर नसला तरी वीतभर सहज भरतो.

त्याच पत्त्यावर पुढे विचारले आहे : 'हा नियम मोडणारा, तीन बोटांचा आळस कोणता?' आम्ही सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. मंडळात आळशी पुष्कळ आहेत, पण बोटे सगळ्यांची शाबूत आहेत. मूळ प्रश्न दक्षिण आणि मध्य अमेरिकेतील झाडांवर उलटे लटकून राहणाऱ्या स्लॉथ या प्राण्याविषयी होता, ज्याच्या तीनबोटी जातींच्या मानेत सातापेक्षा अधिक मणके असतात. भाषांतरकाराने शब्दकोश उघडून पहिला अर्थ उचलला आहे.

ही चूक निदान करमणूक करते. दुसरी चूक मला अक्षम्य वाटली. 'आपली शिकार झाडावर ओढून नेणारा ठिपकेदार प्राणी कोणता?' या प्रश्नाचे उत्तर 'चित्ता' असे छापले आहे. तो बिबट्या आहे. चित्ता मोकळ्या माळावर धावून शिकार पकडणारा. शिकार घेऊन झाडावर चढणे हे त्याचे काम नव्हे. ही गफलत मराठीत अनेक जण करतात हे खरे. परंतु ती कोल्हापुरात विकल्या जाणाऱ्या पेटीत असावी, हे जास्त खुपते. चित्ते पाळून, त्यांना शिकवून काळविटांच्या शिकारीला नेणाऱ्या संस्थानांमध्ये कोल्हापूरचे नाव अग्रभागी होते आणि देशातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर येथे आफ्रिकेतून चित्ते आणवले गेले होते. भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोमध्ये सोडण्यात आले. एवढा इतिहास पाठीशी असलेल्या शब्दाचा अर्थ पत्त्यावर चुकतो, तेव्हा तो पत्ता मुलांच्या हाती देण्यापूर्वी दुरुस्त करावाच लागतो. मी शाईच्या पेनाने केला.

गव्याला या कॅटात 'भारतीय बायसन' म्हटले आहे. त्यावर आमचे राधानगरीकर इतके चिडले की त्यांनी पुढचे दोन प्रश्न ऐकलेच नाहीत. राधानगरीचे अभयारण्य १९५८ साली दाजीपूरच्या जंगलात गव्यांसाठीच घोषित झाले, महाराष्ट्रातील ते पहिले अभयारण्य, आणि तेथेही कित्येक वर्षे बायसन हाच शब्द वापरात होता, हे त्यांना मान्य आहे. पण खरे बायसन अमेरिका आणि युरोप येथेच राहतात, गवा हा दक्षिण आणि आग्नेय आशियातील निराळा प्राणी आहे, असे त्यांचे म्हणणे. ते बरोबर आहे. मात्र हा दोष भाषांतरकाराचा नाही, इंग्रजांनी रुळवलेल्या नावाचा आहे, म्हणून येथे मी पेटीचे गुण कापत नाही.

दूरचित्रवाणीचा निळा कॅट तिन्हींत दुबळा आहे. त्यातील साठ पत्ते ब्रिटिश आणि अमेरिकी मालिकांवर आहेत. ९ डिसेंबर १९६० पासून आजतागायत चालू असलेल्या 'कोरोनेशन स्ट्रीट' या ब्रिटिश मालिकेतील पबचे नाव काय, हा प्रश्न मंगळवार पेठेतील गच्चीवर विचारला की केवळ शांतता पसरते. उत्तर 'रोव्हर्स रिटर्न' असे आहे आणि ते तर्काने काढण्याची कोणतीही वाट नाही. वहिनींनी मात्र एक मार्मिक गोष्ट सांगितली : आपल्या मालिकांत जे काम वाड्याचा दिवाणखाना करतो, म्हणजे सगळी पात्रे कोणत्याही कारणाशिवाय एका जागी आणणे, तेच काम त्यांच्याकडे पब करत असला पाहिजे. पत्त्यामागे एवढी एक ओळ जरी दिली असती, तरी तो प्रश्न आम्हाला परका वाटला नसता.

या कॅटातील एक पत्ता मात्र अपवाद आहे. बीबीसीवर १९७२ मध्ये, म्हणजे मुंबई दूरदर्शन सुरू झाले त्याच वर्षी, 'मास्टरमाइंड' नावाचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम सुरू झाला. अंधारात एक काळी खुर्ची, तिच्यावर प्रखर प्रकाशाचा झोत आणि समोरून प्रश्नांची सरबत्ती. कार्यक्रमाच्या निर्मात्याला ही कल्पना स्वतःच्या कोणत्या अनुभवावरून सुचली, असा प्रश्न आहे. आमच्यापैकी कोणालाही उत्तर माहीत नव्हते, पण खुर्ची, झोत आणि प्रश्न असे एकामागून एक उच्चारताच एकाच वेळी तिघे म्हणाले, 'चौकशी!' निर्माते बिल राइट यांची दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, चौकशी केली होती. युद्धकैद्याने फक्त नाव, हुद्दा आणि क्रमांक सांगायचा असतो, त्याच धर्तीवर स्पर्धकाने नाव, व्यवसाय आणि निवडलेला विषय सांगायचा, असे त्यांनी ठरवले. निळ्या कॅटात असे दहा पत्ते असते, तर त्याच्याबद्दलचे माझे मत वेगळे झाले असते.

भारतीय चाळीस पत्त्यांत सनावळी आहे. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२, 'रामायण' मालिकेचा पहिला भाग २५ जानेवारी १९८७, 'कौन बनेगा करोडपती'चा पहिला भाग ३ जुलै २०००. प्रश्न म्हणून हे कोरडे आहेत. तरी आमच्या वयाच्या माणसांना त्यातला एखादा प्रश्न हात धरून तीन पिढ्या मागे नेतो. गल्लीत ज्या घरी टीव्ही होता तेथे रविवारी सकाळी चपला किती पडत, अँटेना फिरवायला कौलांवर कोण चढे, हे सगळे निघाले आणि उत्तर सांगायचे राहूनच गेले. हे श्रेय पेटीचे की आमच्या वयाचे, हे मला ठरवता आलेले नाही. कोल्हापूरच्या मातीतला पैलवान नायक असलेली 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका २०१६ पासून चार वर्षांहून अधिक काळ चालली, तिच्यावर एकही पत्ता नाही, ही वहिनींची तक्रार त्यांच्या आग्रहावरून नोंदवतो.

आता तपकिरी कॅट. पबमधले खेळ हा विषय पाहून मी दुकानातच नाराज झालो होतो, कारण आमच्या पेठेत पब नाही. तालमीचा कट्टा आहे, पानपट्टी आहे, गंगावेशीत समोर म्हैस पिळून मिळणाऱ्या धारोष्ण दुधाचा कट्टा आहे. परंतु विषय सर्वांनाच सारखा परका असल्यामुळे येथे कोणीही तज्ज्ञ उरत नाही. सातही जण एका रेषेवर उभे राहतात आणि डोके चालवण्यावाचून गत्यंतर नसते.

डार्ट्स, म्हणजे फळ्यावर छोटे बाण फेकण्याचा खेळ; त्याच्या फळ्यावरचे प्रश्न या पेटीचा कळस आहेत. पत्त्यावर फळ्याचे चित्र आहे : एक ते वीस अंक गोलाकार, प्रत्येक भागात दुप्पट आणि तिप्पट गुणांचे अरुंद पट्टे, मध्यभागी पंचवीस आणि पन्नास गुणांची दोन वर्तुळे. पहिला प्रश्न, वीस या अंकाच्या दोन्ही बाजूंना एक आणि पाच असे लहान अंक का ठेवले आहेत? कॅरम खेळणाऱ्या मित्राने क्षणात सांगितले की हाव धरून नेम चुकणाऱ्याला दंड व्हावा म्हणून. दुसरा प्रश्न, एका बाणात मिळवता न येणारी सर्वांत लहान संख्या कोणती? यासाठी काहीही पाठ असावे लागत नाही, केवळ कागद लागतो. वीसपर्यंत सगळे अंक सरळ मिळतात, एकवीस म्हणजे सातची तिप्पट, बावीस म्हणजे अकराची दुप्पट, आणि तेवीसला येऊन गाडी अडते. ती कशाचीच दुप्पट नाही, तिप्पट नाही. तेवीस! हे उत्तर आमच्या एका मित्राच्या नववीतल्या मुलीने आमच्या आधी काढले. तिसरा प्रश्न, उरलेले गुण शून्यावर आणून तीन बाणांत डाव संपवता येईल अशी सर्वांत मोठी संख्या कोणती? शेवटचा बाण दुप्पट पट्ट्यात किंवा मध्यभागी लागला पाहिजे हा नियम पत्त्यावर दिलेला आहे, तेव्हा साठ, साठ आणि पन्नास मिळून एकशे सत्तर हे उत्तर बसल्या जागी मांडता येते.

आणि मग चौथा प्रश्न : बाण रुतूनही फळ्याला भोके का राहत नाहीत, आणि फळा कशाचा असतो? कोणी लाकूड म्हणाले, कोणी बूच. उत्तर 'सिसल' असे छापले होते, आणि नेहमीप्रमाणे त्याचे मराठी दिलेले नव्हते. ते मराठी पशुवैद्यांना ठाऊक होते. सिसल म्हणजे घायपाताची एक जात. बांधावर काटेरी कुंपण म्हणून लावतात आणि ज्याच्या वाखाचे दोर वळतात तेच घायपात. त्या वाखाचे तंतू उभे दाबून बसवलेले असतात, बाण दोन तंतूंच्या मधून आत जातो आणि काढल्यावर तंतू पुन्हा मिटतात. इंग्लंडच्या पबातील फळा आपल्या बांधावरच्या झाडाच्या भावकीतला निघाला, याचा आनंद त्या रात्री मटणाहून मोठा होता.

डॉमिनोच्या संचात सोंगट्या किती, हा प्रश्नही असाच. शून्य ते सहा या अंकांच्या सर्व जोड्या एकेकदाच, इतके कळले की सात स्वजोड्या आणि एकवीस परजोड्या मिळून अठ्ठावीस हे उत्तर हिशेबाने येते. क्रिबेज नावाच्या पत्त्यांच्या खेळावर बारा प्रश्न आहेत. ते आम्ही बाजूला ठेवले आहेत.

या परीक्षणाला ज्या पत्त्याचे नाव दिले आहे तो याच कॅटातला. 'केंट परगण्यातील वटवाघूळ आणि सापळा या खेळात चेंडू किती अंतरावरील दोन खांबांमधून मारावा लागतो?' हा प्रश्न मोठ्याने वाचला गेला तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, 'भावा, वटवाघूळ हितं काय करतंय?' वाचणाऱ्याने पत्ता उलटसुलट करून पाहिला, रंग तपकिरीच होता. मूळ खेळ 'बॅट अँड ट्रॅप'. यातील बॅट उडणारी नसून हातात धरायची आहे, आणि ट्रॅप म्हणजे एक लाकडी पेटी, जिच्या तरफेवर बॅटने टोला मारला की चेंडू वर उडतो आणि तो हवेत असताना दुसरा टोला हाणून एकवीस यार्डांवरच्या दोन खांबांमधून पाठवायचा असतो. एवढे वर्णन ऐकल्यावर सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला : विटी-दांडू. विटीच्या टोकावर मारून ती उडवायची आणि हवेतच टोलवायची, यात आणि त्यात फरक फक्त लाकडी पेटीचा. भाषांतरकाराने एका शब्दकोशाऐवजी दोन शब्दकोश पाहिले असते, तर हा पत्ता सर्वोत्कृष्ट ठरला असता. आता तो सर्वांत लाडका आहे.

एका पत्त्यावर भाषांतराची नव्हे, वस्तुस्थितीची चूक आहे. स्नूकरचा शोध भारतात, १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत लागला हे बरोबर छापले आहे, पण शोध लावणारे नेव्हिल चेंबरलेन हे 'पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले' असे पुढे जोडले आहे. ते पंतप्रधान १८६९ साली जन्मले. १८७५ मध्ये ते सहा वर्षांचे होते. स्नूकरवाले चेंबरलेन हे त्याच नावाचे लष्करी अधिकारी. पत्त्यावरील सालच पत्त्याचे पितळ उघडे पाडते, आणि कोणी तरी दुसरीकडून उचलून, न तपासता छापले की काय होते ते कळते. अशा उचलेगिरीला पकडण्याची एक जुनी गोष्ट येथे आठवते. कॅनडातील दोन मित्रांनी १९७९ मध्ये 'ट्रिव्हियल परस्यूट' हा प्रश्नांचा खेळ तयार केला आणि तो जगभर गाजला. अमेरिकेतील एका माहिती-संग्राहकाने आपल्या पुस्तकात मुद्दाम एक खोटी नोंद पेरून ठेवली होती : दूरचित्रवाणीवरील गुप्तहेर कोलंबो याचे पहिले नाव फिलिप. त्या खेळाच्या पत्त्यावर तेच फिलिप उगवले, तेव्हा त्याने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा लावला. चोर सापडला, तरी दावा फेटाळला गेला, कारण वस्तुस्थितीवर, मग ती वस्तुस्थिती म्हणून सांगितलेली थाप का असेना, कोणाची मालकी चालत नाही. आमच्या पेटीतला पंतप्रधान हा पेरलेला आहे की नुसता उगवलेला, हे तिच्या कर्त्यांनाच ठाऊक.

पेटी घेणाऱ्यांना अनुभवातून काही सांगतो. जेवण पूर्ण होईपर्यंत ती उघडू नये; आमच्या दोन पत्त्यांवर तांबड्याचे डाग आहेत आणि ते जाणार नाहीत. वाचणाऱ्याने पत्ता पुस्तकात धरून वाचावा, म्हणजे आरपार दिसत नाही. खालचे उपप्रश्न गाळू नयेत, बहुधा खरी गंमत त्यांतच आहे. निळा कॅट वयस्कर मंडळींबरोबर, तपकिरी मुलांबरोबर खेळावा. हिरवा कॅट खेळताना जवळ प्राण्यांची माहिती असलेला एक जण असेल तर उत्तम, नसेल तर चित्त्याचा पत्ता आधी काढून ठेवावा. ९५० रुपयांना तीन कॅटांपैकी दीड कॅट चांगला मिळतो, हा व्यवहार मला महाग वाटला, पण तोट्याचा वाटला नाही. आठ महिन्यांत आमचे राजकारणाचे वाद दोनदाच झाले.

मे महिन्यात मी चित्ता, आळस, पंतप्रधान आणि वटवाघूळ असे चार पत्ते नोंदवून कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी एक लिफाफा आला. त्यात दिलगिरीच्या दोन ओळी आणि चार नवे पत्ते होते, आधीच्याहून जाड. बिबट्या बरोबर आहे, स्लॉथ बरोबर आहे, पंतप्रधान गेले आहेत. चौथ्यावर 'बॅट अँड ट्रॅप' असे सुधारून छापले आहे. जुने पत्ते परत पाठवावेत अशी विनंती होती, तीन पाठवले. वटवाघळाचा पत्ता द्यायचा नाही, असे मंडळाने एकमताने ठरवले असून तो सध्या वहिनींच्या स्वयंपाकघरातील कॅलेंडरमागे खोवलेला आहे.